पानांतला भात आणि शेतांतलें भात

मराठी भाषेंत भात या एका शब्दाचीं दोन लिंगें आहेत. पानांत वाढितात तो भात पुल्लिंगी. शेतांत डोलतें, खळ्यावर झोडपतात आणि कणगींत भरतात तें भात नपुंसकलिंगी. कोंकणांतील मुलास हा भेद पूर्वीं कोणास शिकवावा लागत नसे. आज शिकल्यासवरल्या घरांतील मुलें दोन्ही ठिकाणीं 'तो भात'च म्हणतात. हा दोष मुलांचा नव्हे. जी वस्तु वर्षानुवर्षें दृष्टीस पडत नाहीं, तिचें व्याकरण तरी त्यांनीं कसें लक्षांत ठेवावें?

आणि गंमत अशी, कीं याच घरांत अलीकडे 'गांवठी' या शब्दाला मोठा मान आला आहे. पूर्वीं हा शब्द हेटाळणीचा होता; आतां गांवठी तांदूळ, गांवठी काकडी, गांवठी वाल असें म्हटलें कीं गृहिणी दोन पैसे अधिक द्यावयास तयार होतात. खारघर, कामोठें, कळंबोली, नवीन पनवेल येथील वसाहतींत हजारों कुटुंबें राहावयास आलीं. २०१६ सालीं पनवेलची नगरपालिका जाऊन महानगरपालिका झाली. २०२५ सालीं विमानतळाचें उद्घाटन झालें. खाणारीं तोंडें वाढलीं, आणि जवळचें, ताजें अन्न हवें ही इच्छाही वाढली. तालुक्यांत भात पिकविणारे आगरी, कराडी, कुणबी, ठाकूर शेतकरी अजून आहेत. गिऱ्हाईक येथें आणि मालही येथें, असें असतां दोघांची गांठ कां पडत नाहीं, हा आमचा आजचा विषय आहे.

पहिलें कारण मालाच्या लहानपणांत आहे. सरकारी व्याख्येप्रमाणें एक हेक्टरपर्यंत जमीन असणारा तो अत्यल्पभूधारक आणि दोन हेक्टरपर्यंतचा तो अल्पभूधारक. कोंकणांत तर वीस-तीस गुंठ्यांचे तुकडे सर्रास आढळतात. अशा माणसाजवळ विकावयास निघतें तें पांचसात पोतीं भात, नाहीं तर टोपलीभर भाजी. वाशीची घाऊक पेठ ट्रकांनीं माल मोजणारी. तेथें टोपलीला कोण विचारतो? पनवेलच्या बाजारांत येऊन बसावें तर गाडीभाडें आणि सबंध दिवस खर्चीं पडतो, आणि संध्याकाळीं उरलेली भाजी परत नेण्यापेक्षां पडेल त्या भावानें देऊन मोकळें व्हावें लागतें. भाताची गोष्ट याहून कठीण. कापणी होतांच मजुरी, खताची उधारी, मुलांची फी हीं सर्व एकदम अंगावर येतात. म्हणून सगळ्यांचेंच भात बाजारांत येऊन भाव उतरलेला असतो, नेमक्या त्याच दिवसांत विकणें भाग पडतें.

सरकारनें कांहींच केलें नाहीं, असें नव्हे. २०१६ सालीं फळें व भाजीपाला बाजार समित्यांच्या नियमनांतून मोकळा झाला, आणि त्याच वर्षीं संत सावता माळी यांच्या नांवानें शेतकरी आठवडे बाजार सुरू झाले. केंद्र सरकारनें २०२५-२६ सालाकरितां साधारण भाताचा हमीभाव क्विंटलास २,३६९ रुपये ठरविला. हीं दारें उघडलीं हें चांगलें झालें. परंतु दार उघडलें म्हणजे पाहुणा आलाच, असें होत नाहीं.

ऋषिपंचमीचा दिवस पाहा. बैलाच्या कष्टाचें अन्न त्या दिवशीं वर्ज्य. म्हणून परसांतलीं आणि रानांतलीं भाजीचीं पानें, कंद, शेंगा घेऊन ठाकूर-कातकरी बायका बाजारांत बसतात, आणि आपल्या घरचीं माणसें त्यांच्याभोंवतीं दाटी करितात. भाव चढला तरी कोणी कुरकुरत नाहीं. दुसरे दिवशीं त्याच बाईच्या त्याच अळूकडे कोणी ढुंकून पाहत नाहीं. आपलें व्रत पुरें झालें. पण त्या बाईचा संसार एका पंचमीवर वर्षभर चालत नाहीं.

संस्कृतांत योगक्षेम असा एक सुंदर शब्द आहे. न मिळालेलें मिळणें हा योग, आणि मिळालेलें टिकणें हा क्षेम. मागणी वाढली हा शेतकऱ्याच्या दृष्टीनें योग खरा. परंतु त्यांत क्षेम नाहीं. आज गांवठी मागणारें गिऱ्हाईक उद्यां दुकानांतला पांढराशुभ्र तांदूळ दोन रुपयांनीं स्वस्त दिसला कीं तिकडे वळतें. असल्या मागणीच्या भरंवशावर कोण पेरणी वाढवील? म्हणून आमचें म्हणणें एवढेंच, कीं लहान शेतकऱ्यास मागणीपेक्षां वचनाची गरज अधिक आहे; आणि तें वचन कापणीनंतर नव्हे, पेरणीपूर्वीं मिळालें पाहिजे.

वर्षाचें धान्य एकदम भरण्याची रीत आपल्या घरांत होतीच. दिवाळीनंतर नवें भात येई आणि कणगी भरे. मात्र त्या कणगीचा सगळाच इतिहास गोड नाहीं. पूर्वींच्या कुलाबा जिल्ह्यांत पुष्कळ पांढरपेशा घरांत तें भात खंडाचें म्हणून येई. पिकविणारा कूळ असे, आणि त्याला भाव विचारण्याचा प्रश्नच नसे. अलिबाग तालुक्यांत चरी येथें नारायण नागू पाटील यांच्या पुढारीपणाखालीं १९३३ पासून १९३९ पर्यंत शेतकऱ्यांनीं संप केला, तो या जाचापायींच. पुढें १९४८ चा कूळकायदा आला, आणि १ एप्रिल १९५७ हा कृषकदिन ठरून कसणारा मालक होऊं लागला. हें न्याय्यच झालें. पण त्या घरांचा शेताशीं असलेला संबंध तेव्हां तुटला तो तुटलाच. आतां तो जोडावयाचा तर मालक आणि कूळ या नात्यानें नव्हे. विकणारा आणि घेणारा या बरोबरीच्या नात्यानें, दोघांनीं बसून भाव ठरवून जोडावयाचा आहे.

हिशेब सोपा आहे. चार माणसांच्या घरास महिन्यास १५ किलो तांदूळ धरिले तर वर्षास १८० किलो लागतात. गिरणींत भाताचे साधारण दोनतृतीयांश तांदूळ पडतात. म्हणजे २७० किलो भात झालें. एकरीं दहा क्विंटल पीक धरिलें, तर एका घराचे वर्षाचे तांदूळ अकरा गुंठ्यांत पिकतात. दहा घरें एकत्र आलीं तर पावणेतीन एकरांच्या आंत त्यांची सोय होते. हमीभावानें २७० किलो भाताचे सुमारें ६,४०० रुपये होतात. म्हणजे तांदूळ किलोस साडेपस्तीस रुपये. त्यावर शेतकऱ्याच्या श्रमाचे चार पैसे अधिक, भरडाई आणि वाहतूक मिळवून येणारा आंकडा वाचकांनीं आपल्या वाण्याच्या यादीशीं ताडून पाहावा.

रीत अशी असावी. अक्षय्यतृतीयेच्या सुमारास दहा घरांनीं मिळून एका शेतकऱ्याकडे जावें आणि वाण, वजन व भाव ठरवावा. खाडीकांठची जमीन असेल तर येथील खार जमीन संशोधन केंद्रानें खाऱ्या जमिनीसाठीं काढिलेले 'पनवेल-१', 'पनवेल-२', 'पनवेल-३' हे वाण आहेतच. आपल्या गांवाचें नांव धारण करणारे हे तांदूळ किती घरांनीं चाखले असतील? ठरलेल्या रकमेचा तिसरा हिस्सा त्याच वेळीं रोख द्यावा, म्हणजे बीं-खतासाठीं उधारी नको. तिसरा कापणीस, आणि उरलेला माल पोंचेल तसतसा. सदनिकेंत कणगीला जागा नाहीं ही अडचण खरी आहे. पण सगळें भात एकदम भरडावेंच कशाला? टरफलांतील दाणा किडीपासून अधिक सुरक्षित राहतो. तेव्हां भात शेतकऱ्याच्या घरीं राहूं द्यावें आणि दोन-दोन महिन्यांचे तांदूळ भरडून आणावे. भात निघाल्यावर त्याच खाचरांत उरलेल्या ओलीवर वाल होतात. बिरड्यावांचून आपलें पान सुनें. म्हणून पांचसात किलो वालांचाही वायदा सोबत करावा.

पथ्यें दोन्हीं बाजूंस आहेत. शेतकऱ्यानें भात नीट वाळवावें, वजन चोख द्यावें, आणि दुसऱ्याचा माल आपला म्हणून घालूं नये. घाऊक पेठेंतली भाजी गांवठी म्हणून विकणारे बाजारांत असतात, त्यांच्या पंक्तीस त्यानें बसूं नये. गृहिणींनीं पांढरेपणाचा हट्ट सोडावा; कमी सडलेला तांदूळ थोडा मळकट दिसतो आणि त्यांत कण्याही असतात. परतीचा पाऊस कापणीवर आला आणि पीक भिजलें, तर दिलेली उचल परत मागूं नये; तोटा वांटून घ्यावा. बाजार आणि वचन यांतला फरक येथेंच दिसतो. जपानांत १९७० नंतरच्या दशकांत शहरांतील गृहिणींनीं शेतकऱ्यांशीं अशीच 'तेइकेई' नांवाची बांधिलकी जोडली. अमेरिकेंतही १९८६ पासून हंगामाचा वांटा आगाऊ विकत घेणारीं कुटुंबें दिसूं लागलीं. हें केवळ मनोराज्य नव्हे.

दहा घरांनीं काय होणार, असें कोणी म्हणेल. पनवेलच्या जमिनीस आज जो भाव येतो, त्यापुढें भाताचा भाव टिकणारा नाहीं, हें आम्ही जाणतों. परंतु जमीन विकणारा प्रत्येक जण लोभानेंच विकतो, असें नाहीं. पिकांत खर्चही निघत नाहीं म्हणून विकणारे पुष्कळ असतात. घरचें भात खात्रीनें आणि मानानें विकलें जातें असें दिसलें, तर त्यांतील एखाद्याचा मुलगा शेतावर थांबेल. एकदां खाचरावर भराव पडला, कीं तेथें पुन्हा भात होत नाहीं.

अकरा गुंठे ही लहान गोष्ट आहे. पण ती आपल्या हातची आहे. वाचकभगिनींनीं येत्या अक्षय्यतृतीयेपूर्वीं शेजारच्या नऊ घरांत विचारून पाहावें. आणि शेतावर जातांना मुलांस बरोबर न्यावें. 'तें भात' असें म्हणावयास मग त्यांना वेगळें शिकवावें लागणार नाहीं.