किकऑफ ठरला, पण पुढचं काय?

येत्या शनिवारी, म्हणजे १४ फेब्रुवारीला, संध्याकाळचे प्लॅन तुमच्या ग्रुपवर ठरले असतीलच. आमच्या ग्रुपवरही ठरलेत, फक्त जरा वेगळे. कोलकात्याच्या सॉल्ट लेक स्टेडियमवर मोहन बागान विरुद्ध केरळ ब्लास्टर्स. इंडियन सुपर लीगच्या, म्हणजे आयएसएलच्या सीझनची पहिली मॅच. गंमत म्हणजे आमच्यातला एकही जण या दोन टीम्सचा फॅन नाही. आम्ही मुंबई सिटीवाले. पण यंदा अवस्था अशी आहे, की कुणाचीही असो, मॅच होतेय ना, मग बघायची!

कारण ही मॅच एरवी सप्टेंबरातच व्हायला हवी होती. फुटबॉल फॉलो न करणाऱ्यांसाठी थोडक्यात सांगायचं तर, अखिल भारतीय फुटबॉल महासंघाने २०१० मध्ये आपले व्यावसायिक हक्क १५ वर्षांसाठी ७०० कोटी रुपयांना देऊन टाकले. त्यातूनच २०१४ मध्ये आयएसएल उभी राहिली. रिलायन्सची एफएसडीएल ही कंपनी ती चालवायची. हा करार ८ डिसेंबर २०२५ ला संपणार होता. ही तारीख सगळ्यांना १५ वर्षं आधीपासून माहीत होती. सबमिशनची तारीख टर्मच्या पहिल्या दिवशी कळूनही आपण आदल्या रात्री जर्नल लिहायला बसतो ना, तसंच. फरक एवढाच की आपण निदान आदल्या रात्री तरी बसतो.

११ जुलैला एफएसडीएलने क्लब्जना कळवलं की सीझन तूर्तास थांबवतोय. ऑगस्टमध्ये बेंगळुरू एफसीने मुख्य टीमचे आणि स्टाफचे पगार थांबवले. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत होतंच. महासंघाची नवी घटना मंजूर झाली, नवा पार्टनर शोधायला टेंडर निघालं आणि ७ नोव्हेंबरची मुदत उलटली तेव्हा आलेल्या बोलींचा आकडा होता शून्य. दरवर्षी किमान ३७.५ कोटी द्यायचे, तेही १५ वर्षं, आणि लीगच्या कारभारात शेवटचा शब्द मात्र महासंघाचा. धंदा करणारा माणूस हे ऐकून चहा संपवतो आणि निघतो.

मैदानावर याचा परिणाम दिसायचाच होता. ऑक्टोबरात मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर आपण सिंगापूरकडून १-२ हरलो. त्या मॅचमध्ये पहिला गोल आपला होता, मुंबई सिटीच्या छांगटेने केलेला. २०२७ चा आशिया कप तिथेच हातातून गेला. नोव्हेंबरात ढाक्यात बांगलादेशकडूनही हार, आणि रँकिंग १४२. लीगच्या मॅचेस नसलेल्या खेळाडूंकडून मॅच फिटनेसची अपेक्षा करणं म्हणजे लेक्चर न घेता परीक्षा घेण्यासारखं आहे. (हेही काही कॉलेजांत होतं म्हणा.)

डिसेंबरात एफसी गोवाच्या खेळाडूंनी आशियाई स्पर्धेच्या मॅचमध्ये शिट्टी वाजल्यावर काही सेकंद बॉलला पायच लावला नाही. हा निषेध होता. जानेवारीच्या सुरुवातीला सुनील छेत्री, गुरप्रीत सिंग संधू, संदेश झिंगन यांनी व्हिडिओ करून थेट फिफाला साकडं घातलं. आणि ६ जानेवारीला क्रीडामंत्री मनसुख मांडविया यांनी जाहीर केलं की लीग होणार, १४ टीम्स, ९१ मॅचेस.

९१ हा आकडा नीट बघा. १४ टीम्स एकमेकींशी फक्त एकदाच खेळल्या की बरोबर ९१ मॅचेस होतात. म्हणजे प्रत्येक टीमच्या वाट्याला १३. गेल्या सीझनला लीगमध्येच प्रत्येकीच्या २४ होत्या, वर प्लेऑफ. यंदा परतीची मॅच नाही, त्यामुळे काहींना घरच्या मैदानावर सात मॅचेस मिळणार आणि काहींना सहाच. सुरुवातीला दोन-तीन हरलात तर सावरायला वेळ नाही. आशियाई महासंघाच्या स्पर्धांत जागा हवी तर क्लबने सीझनला किमान २४ मॅचेस खेळाव्यात असा नियम आहे, त्यातून सूट मागावी लागली ती वेगळीच.

अशा छोट्या लीगमध्ये तयार टीम असणाऱ्यांचं फावतं. बागानने गेल्या वर्षी लीग शील्ड आणि कप दोन्ही जिंकलं. पुढे जेमी मॅकलरेन आहेच. कोच नवा असला तरी आपल्या ओळखीचा, सर्जिओ लोबेरा. मुंबई सिटीला २०२०-२१ मध्ये शील्ड आणि कप असा डबल याच माणसाने मिळवून दिला होता. केरळची बाजू अवघड. तीन फायनल्स हरलेली, एकही ट्रॉफी नसलेली, तरीही देशातला सर्वात आवाजी पाठीराखा वर्ग असलेली ही टीम. त्यांचा कॅप्टन एड्रियन लुना या गोंधळात लोनवर इंडोनेशियाला गेला. लीगच नसेल तर परदेशी खेळाडू थांबणार तरी कशासाठी?

आमच्या मुंबई सिटीचं दुखणं त्याहून मोठं. मँचेस्टर सिटीची मालक असलेली सिटी फुटबॉल ग्रुप २०१९ पासून आमच्या क्लबची मुख्य मालक होती. त्या काळात दोन शील्ड आणि दोन कप आले. २०२२ मध्ये इराकच्या एअर फोर्स क्लबला हरवून एएफसी चॅम्पियन्स लीगमध्ये मॅच जिंकणारा पहिला भारतीय क्लब आम्ही ठरलो. डिसेंबरात ते भागीदारी सोडून गेले. कारण दिलं, लीगच्या भवितव्याची अनिश्चितता. रणबीर कपूर आणि बिमल पारेख हे जुने मालक आहेत, म्हणून क्लब शिल्लक आहे.

शिल्लक न राहणं म्हणजे काय, हे पुणेकरांना विचारा. एफसी पुणे सिटी आठवतेय? बालेवाडीत खेळायची. २०१९ मध्ये ती बंद झाली आणि तिची जागा हैदराबाद एफसीने घेतली. हैदराबादने २०२२ मध्ये कप जिंकला, मग पैशांचं गणित बिघडलं आणि गेल्या वर्षी तीच टीम दिल्लीला जाऊन स्पोर्टिंग क्लब दिल्ली झाली. सहा वर्षांत तीन शहरं! बालेवाडीत नारंगी जर्सी घालून ओरडणारी पोरं आता कुणासाठी ओरडतात? याउलट कोल्हापूर बघा. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, सगळ्या तालमींच्या टीम्स. शाहू स्टेडियमवर गर्दी असते, पेठेची इज्जत पणाला लागलेली असते. तिथेही पैशांची चणचण आहे, राडे आहेत. पण पाटाकडीलची टीम उद्या दुसऱ्या शहरात हलेल, अशी भीती मंगळवार पेठेत कुणाला वाटत नाही.

आणि पैसा नाही असंही म्हणवत नाही. १३ डिसेंबरला याच सॉल्ट लेकवर मेस्सी आला होता. हजारो रुपये मोजलेल्या लोकांना तो धड दिसलाही नाही, आणि मग खुर्च्या-बाटल्या मैदानात आल्या. दुसऱ्या दिवशी वानखेडेवर सगळं नीट पार पडलं. छेत्री त्याला भेटला आणि राज्य सरकारने लहान खेळाडूंसाठी 'प्रोजेक्ट महादेवा' सुरू केला. उपक्रम चांगलाच आहे. पण त्यातून तयार झालेली तेरा वर्षांची पोरं अठराची होतील तेव्हा त्यांनी खेळायचं कुठे? तेव्हा छेत्रीला स्वतःच्या लीगचा पत्ता नव्हता, आणि तो तिथे मेस्सीसोबत हसत उभा होता. तो फोटो मला अजून बघवत नाही.

त्यामुळे शनिवारी पहिली शिट्टी वाजली की 'भारतीय फुटबॉल वाचलं' असल्या पोस्ट्स येतील, त्या जपून शेअर करा. वाचलाय तो एक सीझन, तोही अर्धामुर्धा. दीर्घ मुदतीचा पार्टनर अजून नाही. काही क्लब्जनी खेळाडूंना पगार कमी करून घ्यायला लावलेत. मे महिन्यात लीग संपेल तेव्हा पुढच्या सीझनची तारीख जाहीर झालेली असेल का, हा यंदाचा खरा निकाल. पॉइंट्स टेबल त्यानंतर.

बाकी शनिवारचं विचाराल तर माझा अंदाज बागान २, केरळ १. मॅकलरेनचा एक गोल नक्की.