नोंदीत खानदेशही हवा

जूनचा तिसरा गुरुवार जगभर मूत्रपिंडाच्या कर्करोगाचा दिवस म्हणून पाळतात. आपल्या खानदेशात, वरणगाव परिसरात तेव्हा पेरणीची घाई असते, आयुध निर्माणीच्या पाळ्या चालू असतात. लघवी लाल झाली तरी ‘उन्हाळी लागली’ म्हणायचे, धने-जिऱ्याचे पाणी प्यायचे आणि कामाला लागायचे, हीच रीत. दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो. खरे तर न दुखता आलेले रक्त अधिक काळजीचे. मूत्रपिंडातली गाठ बराच काळ गप्प असते. पुष्कळदा ती भलत्याच कारणासाठी केलेल्या सोनोग्राफीत सापडते.

गाठ निघाली की घरचे एकच विचारतात, ‘डॉक्टर, किती वर्षं आहेत?’ याचे उत्तर प्रथिनांत शोधण्याची धडपड गेली कित्येक वर्षे चालू आहे. या कर्करोगाच्या सर्वांत नेहमीच्या प्रकारात बहुधा व्हीएचएल हे जनुक बिघडते. मग ऑक्सिजन पुरेसा असूनही पेशी गुदमरल्यासारखी वागते आणि नव्या रक्तवाहिन्या वाढवणारी प्रथिने बनवत सुटते. पेशीला ऑक्सिजन कसा जाणवतो, हे उलगडणाऱ्या केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेंझा यांना २०१९ चे नोबेल मिळाले. याच साखळीतले ‘कार्बोनिक अनहायड्रेज नऊ’ हे प्रथिन गाठीत कमी असेल, तर रुग्णाचे आयुष्य कमी, असे कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २००३ मध्ये मांडले. आशा मोठी होती. २००७ मध्ये मेयो क्लिनिकने पडताळले, तेव्हा गाठीची प्रत (ग्रेड) आणि तिच्यातला मृत भाग हिशेबात धरल्यावर त्या प्रथिनाला स्वतंत्र मोल उरले नाही.

आजार पसरला असेल तर आज डॉक्टर ज्या सहा निकषांवर भाकीत करतात, त्यांतले चार रक्तातले आहेत: हिमोग्लोबिन, कॅल्शियम, न्यूट्रोफिल आणि प्लेटलेट. उरलेले दोन म्हणजे रुग्णाची हिंडण्याफिरण्याची ताकद आणि निदानापासून वर्षाच्या आत औषधोपचाराची वेळ आली का, हे. हिमोग्लोबिन हेही प्रथिनच, आणि ते तालुक्याच्या लॅबमधल्या साध्या रक्ततपासणीत (सीबीसी) कळते. त्यामुळे प्रथिनांच्या अजून सिद्ध न झालेल्या महागड्या चाचणीसाठी कुणी घरातले सोने गहाण ठेवू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

संशोधन मात्र थांबता कामा नये. गाठीतले प्रथिन मोजणे हे अर्धेच काम. तो माणूस पुढे किती जगला हे कळल्याशिवाय त्या मोजमापाला अर्थ येत नाही. आपण नेमके इथेच कमी पडतो. रुग्ण भुसावळहून गाडीने मुंबईला जातो, ऑपरेशन होते, एक-दोन खेपा होतात. मग भाडे, बुडणारी मजुरी, केळीची कापणी यांत पुढची तारीख चुकते आणि फाइल तिथेच थांबते. मुंबईच्या टाटा रुग्णालयात गाठींचे नमुने जपणारे राष्ट्रीय भांडार आहे. पण नमुना जपला आणि माणूस हरवला, तर त्यातून शिकायचे काय? मग आपल्या माणसांचे भाकीत परक्या देशांतल्या रुग्णांच्या आकड्यांवरूनच होत राहणार.

म्हणून वाचकांना विनंती: लघवीत एकदा जरी रक्त दिसले, तरी लघवी तपासून घ्या आणि सोनोग्राफी करून घ्या. ऑपरेशन झाले असेल तर पॅथॉलॉजीचा अहवाल जपा, गाठीचा जपलेला नमुना (ब्लॉक) कुठे ठेवला आहे ते विचारा, संशोधनासाठी संमती मागितली तर समजून घेऊन द्या. आणि घरचा माणूस गेला असेल, तर जड मनाने का होईना, ती तारीख रुग्णालयाला कळवा.