काकूची तपासणी आणि माझं कन्नड

गेल्या पावसाळ्यात काकूला घेऊन एका मोठ्या हॉस्पिटलच्या ओपीडीत गेलो होतो. डॉक्टर मॅडमनी कन्नडमध्ये विचारलं, त्रास काय? खानापूर तालुक्यातल्या आमच्या काकूला बाजारापुरतं कन्नड येतं, ‘अंगावरून पांढरं जातंय’ हे सांगण्याइतकं नाही. मग मी, बावीस वर्षांचा पुतण्या, खाली मान घालून भाषांतर करायला लागलो. अर्धं तिने गाळलं, उरलेल्यातलं अर्धं मी.

पॅप स्मिअर झाली. सहीचा कागद कन्नड आणि इंग्रजीत. बाहेर येऊन काकू म्हणाली, “पिशवी काढणार हाईत काय रे?”

या तपासणीत गर्भपिशवीच्या तोंडावरच्या थोड्या पेशी घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. काही मिनिटांचं काम. एचपीव्ही विषाणूमुळे पेशी बिघडायला लागल्यापासून कॅन्सर व्हायला बहुतेकदा दहा-पंधरा वर्षं जातात. तेवढ्यात सापडलं तर कॅन्सर टळतो. म्हणजे काही त्रास नसतानाच करायची ही तपासणी. एवढंच काकूला मराठीत कुणी सांगितलं नाही.

2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात 30 ते 49 वयाच्या शंभर बायकांत दोघींचीसुद्धा ही तपासणी कधी झालेली नव्हती. आकडा देशाचा आहे, तेव्हा सगळा दोष भाषेवर ढकलणार नाही. लाज आणि भीती महाराष्ट्रातही आहेच. आपल्याकडे त्यावर आणखी एक भिंत आहे, इतकंच.

मॅडमवर राग नाही, बाहेर शंभर पेशंट होते. कन्नड काढा असंही म्हणत नाही. 15 टक्के किंवा जास्त अल्पसंख्याक असतील तिथे महत्त्वाच्या सूचना त्यांच्या भाषेत द्याव्यात, हे भाषिक अल्पसंख्याकांच्या संरक्षणात आधीच मान्य झालंय. मग ओपीडीत मराठीत एक कागद आणि मराठी बोलणारी एक बाई का नको? आपणही 1 नोव्हेंबरला काळा दिन पाळतो, पाट्यांसाठी भांडतो (भांडायलाच पाहिजे), पण निवेदनात हॉस्पिटलचा सहीचा कागद कधी लिहिला?

रिपोर्ट मीच आणला. नॉर्मल. तीन वर्षांनी परत या, असं सांगितलं. काकू म्हणाली, “काय नाही म्हणतात, मग परत कशाला?” समजवायला अर्धा तास गेला. आता गल्लीतल्या दोघी विचारतायत, पण माझ्याबरोबर यायला लाजतात.