साठवण रात्रीची आणि साठवण वर्षाची

विजेचा विषय निघाला की शाळेतील वादसभेत काय किंवा वर्तमानपत्रांच्या स्तंभांत काय, पक्ष तत्काळ ठरून जातात. एक सूर्याची बाजू घेतो, दुसरा वाऱ्याची. तिसरा म्हणतो, कोळशावाचून गत्यंतर नाही. चौथा अणुशक्तीचा कैवार घेतो. वीज कोठून आणावयाची हा प्रश्न महत्त्वाचा आहेच. परंतु ती हव्या त्या घटकेला हाताशी कशी राहील, हा प्रश्न त्याहून अवघड असून त्याची चर्चा आपल्याकडे फार ढिलाईने होते. 'साठवण' हा एकच शब्द आपण दोन अगदी निराळ्या गोष्टींना लावतो, आणि घोटाळ्याचे मूळ तेथेच आहे. म्हैसूरच्या आसपास हिंडले तर हा घोटाळा उकलण्यास फारसे ग्रंथ चाळावे लागत नाहीत.

म्हैसूरच्या पूर्वेस कावेरी नदी शिवसमुद्र येथे कड्यावरून खाली उडी घेते. दिवाण सर के. शेषाद्री अय्यर यांच्या पुढाकाराने तेथे वीजघर उभारण्यात आले आणि १९०२ साली त्याची वीज सुमारे १४७ किलोमीटर लांबीच्या तारांवरून कोलारच्या सोन्याच्या खाणींकडे गेली. त्या काळी एवढ्या लांबवर वीज नेणाऱ्या तारा जगात मोजक्याच होत्या. आरंभीची सहा यंत्रे प्रत्येकी ७२० किलोवॉटची, म्हणजे सारी मिळून आजच्या दोन पवनचक्क्यांएवढी! बंगळूर शहराला १९०५ साली वीज मिळाली, म्हैसूरला त्यानंतर.

परंतु शिवसमुद्रला धबधबा होता, साठा नव्हता. पावसाळ्यात कावेरी दुथडी वाही आणि उन्हाळ्यात रोडावे. खोल खाणीतील पाणी उपसणाऱ्या पंपांना आणि माणसांना वरखाली नेणाऱ्या पाळण्यांना मात्र ऋतू कळत नव्हते. तेव्हा नदीला वरच्या अंगाला अडवून तिचे पावसाळी पाणी उन्हाळ्यापर्यंत राखावे, हा विचार पुढे आला. तो तडीस नेणारे मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या मराठी वाचकांना परके नाहीत. ते पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी, आणि खडकवासल्याच्या धरणावरील स्वयंचलित दरवाजे त्यांच्याच कल्पनेतले. म्हैसूर संस्थानाचे मुख्य अभियंते असताना त्यांनी कन्नंबाडी येथील धरणाची योजना मांडली. १९११ साली काम सुरू झाले. मद्रास सरकारने हरकत घेतल्यामुळे ते रखडले, आणि कृष्णराजसागर पुरते व्हावयास सुमारे वीस वर्षे लागली. आज त्यात सुमारे ४९ अब्ज घनफूट पाणी मावते. ज्या खाणींसाठी हा खटाटोप आरंभिला त्या २००१ साली बंद पडल्या. साठा मात्र राहिला, आणि मंड्याचा ऊस व म्हैसूर-बंगळूरचे नळ त्यावर चालू आहेत.

हा साठा कसला होता? वर्षाचा. चार महिन्यांचे पाणी बारा महिने पुरविण्याचा. सह्याद्रीतही तेच घडले. खोपोलीचे वीजघर १९१५ साली सुरू झाले ते लोणावळ्याच्या बाजूच्या तलावांच्या जोरावर.

आता पावगडाकडे या. तुमकूर जिल्ह्यातील या अवर्षणग्रस्त तालुक्यात सुमारे तेरा हजार एकरांवर २,०५० मेगावॉटचे सौरक्षेत्र उभे आहे. जमीन विकत न घेता शेतकऱ्यांकडून भाडेपट्ट्याने घेतली, ही त्यातील मला सर्वांत शहाणपणाची वाटणारी गोष्ट. भर दुपारी येथून विजेचा लोंढा येतो. सूर्य मावळतो, आणि नेमक्या त्याच वेळी घराघरांतून दिवे, पंखे व शेगड्या चालू होतात. येथे लागणारा साठा तीनचार तासांचा, फार तर एका रात्रीचा. तो बॅटऱ्यांतही होतो, किंवा उदंचनाने होतो. उदंचन म्हणजे दुपारच्या जास्तीच्या विजेने खालच्या तळ्यातील पाणी वर चढवावयाचे आणि संध्याकाळी ते पुन्हा चक्रांवर सोडावयाचे. या येरझारीत चढविण्यास लागलेल्या विजेचा पाचवा ते चौथा हिस्सा खर्ची पडतो. महाराष्ट्रात घाटघर येथे २००८ पासून २५० मेगावॉटचा असा प्रकल्प आहे, आणि भिऱ्यालाही १५० मेगावॉटचे उदंचन यंत्र आहे.

या दोन साठवणींत अंतर किती, ते एका हिशेबाने कळेल. एक घनमीटर पाणी शंभर मीटर खाली आले तर घट वजा जाता जेमतेम पाव यूनिट वीज हाती लागते. दिवसाला चार यूनिट वापरणाऱ्या घरासाठी सोळा हजार लिटर पाणी शंभर मीटर उंचावर राखून ठेवावे लागेल, आणि तेही एकाच दिवसापुरते. एका रात्रीची सोय बॅटऱ्यांनी होईल. कोरड्या वर्षाची सोय बॅटऱ्यांनी करू पाहणे म्हणजे दुष्काळासाठी ओंजळीत पाणी धरून बसणे होय.

कोरडे वर्ष ही कल्पना नव्हे. २०२३ साली कर्नाटकात मान्सूनने दगा दिला, कृष्णराजसागर भरले नाही आणि बहुतेक सर्व तालुके दुष्काळी जाहीर झाले. दुष्काळ विजेवर दोन्ही बाजूंनी घाला घालतो. जलाशयांत पाणी कमी, म्हणून निर्मिती कमी. आणि पाऊस नाही म्हणून शेतकरी पंप अधिक चालवितो, म्हणून मागणी अधिक. त्या ऑक्टोबरात राज्य सरकारला कायद्याचा अधिकार वापरून खासगी वीजगृहांना राज्याला वीज देण्यास भाग पाडावे लागले. त्या महिन्यात पावगडावर ऊन भरपूर पडत होते, हे विसरू नये.

म्हणून माझे म्हणणे असे की, रात्रीचे काम बॅटऱ्यांना आणि उदंचनाला द्यावे व मोठे जलाशय गंगाजळीप्रमाणे राखावेत. शरावतीचे लिंगनमक्की धरण मुख्यत्वे विजेसाठीच बांधलेले आहे. त्यात सुमारे १५१ अब्ज घनफूट पाणी मावते. कोयनेचे वीजघर १,९६० मेगावॉटचे असले तरी कृष्णा तंट्याच्या निवाड्यानुसार त्याला वर्षाकाठी पश्चिमेकडे ६७.५ अब्ज घनफूटच पाणी वळविता येते. तेव्हा ही वीजगृहे दिवसा सूर्य तळपत असताना चालविणे ही निव्वळ उधळपट्टी आहे. त्याहीपुढे जाऊन, जूनच्या आरंभी धरणात अमुक पाणी शिल्लक असलेच पाहिजे असा दंडक घालून द्यावा, असे मला वाटते.

यावर व्यवहारी माणसे विचारतील, पुढल्या वर्षी धो धो पाऊस पडला तर राखलेले पाणी सांडव्यावरून फुकट जाणार नाही काय? जाईल. तो विम्याचा हप्ता होय, आणि विजेच्या दरात तो उघडपणे दाखवावा. कृष्णराजसागराच्या बाबतीत हा उपाय चालणार नाही हेही मी मान्य करतो. तेथे शेती, पिण्याचे पाणी आणि तमिळनाडूचा हक्क हे विजेच्या आधी येतात. लागोपाठ दोन वर्षे पाऊस चुकला तर लिंगनमक्कीही पुरणार नाही. कैगाचे अणुवीजघर आणि रायचूरचा कोळसा यांना एवढ्यात निरोप देता येत नाही तो याचमुळे. सौरशक्तीच्या भक्तांना हे रुचणार नाही.

दुसरा हप्ता पैशांत मोजता येत नाही. कन्नंबाडीचे जुने गाव पाण्याखाली गेले; तेथील वेणुगोपालाचे देऊळ कित्येक वर्षांनंतर काठावर पुन्हा उभारावे लागले. मुळशीच्या शेतकऱ्यांनी १९२१ साली सेनापती बापटांसह सत्याग्रह केला, तरीही धरण झाले. मुंबईच्या गिरण्या चालाव्यात म्हणून मावळातील माणसे उठविली गेली, ही गोष्ट आपल्या पाठ्यपुस्तकांतून धरणांच्या कौतुकाबरोबरच यावयास हवी.

तोच प्रश्न आज शरावतीच्या खोऱ्यात उभा आहे. तलकळले आणि गेरुसोप्पे या जुन्या तळ्यांच्या दरम्यान २,००० मेगावॉटचे उदंचन योजिले आहे. तळी नवी बांधावयाची नाहीत, हे त्याचे बळ. परंतु भुयारे जाणार ती सिंहपुच्छ माकडांच्या अभयारण्यातून. हा प्रकल्प वर्षाची साठवण करणार नाही, काही तासांचीच करील. तेवढे काम पावगडासारख्या माळावर बॅटऱ्या मांडून होते काय, आणि होत असल्यास किती जास्त खर्चाने, याचा हिशेब आधी लोकांपुढे ठेवावा. जंगलाला हात त्यानंतर लावावा की नाही, ते ठरवावे.