सगळं आठवतं, मग डिमेन्शिया कसा?

कोंढव्याच्या एका वाचक भगिनीचा सवाल आहे. शौहरना नातवंडांची नावं, दुकानाची उधारी, सगळं आठवतं. फक्त मगरिबनंतर पलंगाशी अनोळखी मुलं बसलेली दिसतात. मग डॉक्टर डिमेन्शिया कसा म्हणतात?

सवाल रास्त आहे. (मोहल्ल्यात कुणी ‘असर’ म्हणून मोकळं होतं, ते वेगळंच.) डिमेन्शिया म्हणजे विसरणं, हे आपल्या मनात पक्कं बसलंय, ‘अस्तु’ सिनेमातले मोहन आगाशे आठवा. पण ‘लेवी बॉडी’ प्रकारात सुरुवातीला स्मरणशक्ती बरीच शाबूत राहते आणि माणसं, मुलं, प्राणी स्पष्ट दिसतात. एक दिवस चांगला, एक वाईट. झोपेत हातपाय झाडणं, चाल मंदावणं. हॉलिवूडचे रॉबिन विल्यम्स यांना २०१४मध्ये पार्किन्सन्स सांगितला गेला. लेवी बॉडी कळला तो मृत्यूनंतर.

उलटही घडतं. भास दोन-चार दिवसांत अचानक सुरू झाले असतील, तर आधी लघवीची तपासणी करून घ्या, नव्या गोळ्या डॉक्टरांना दाखवा. नजर फार अधू झालेल्यालाही, डोकं ठणठणीत असताना, चित्रं दिसतात.

म्हणून ससूनला जा की खासगीत, भास कधी, किती वेळ, हे वहीत लिहून न्या. भास थांबवायची गोळी दिली, तर ‘लेवी बॉडी तर नाही ना?’ हे विचाराच. हॅलोपेरिडॉलसारख्या औषधाने अशा रुग्णाचं अंग आखडतं, कधी जिवावर बेततं. पण चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नका. आधी डॉक्टरांना फोन करा.