टाकाऊ तेलाचा महाग हिशेब

अमेरिकेच्या युनियन पॅसिफिक रेल्वेने १९५२ पासून गॅस टर्बाइनची इंजिने मालगाड्यांना जोडली, ती एका हिशेबावर: तेलशुद्धीकरणात उरणारे जड, काळे तेल मातीमोलाने मिळत होते. शक्तीची वाण नव्हती. शेवटची इंजिने साडेआठ हजार अश्वशक्तीची होती. परंतु ओझे हलके झाले, गाडी उभी राहिली, तरी टर्बाइनची भूक त्या प्रमाणात घटत नाही. डिझेल इंजिन कामापुरतेच खाते. शिवाय पात्यांची झीज, आणि शहरांना असह्य होणारा आवाज! उपउत्पादनाचा भाव सदैव पडेलच राहील, हे गृहीतच मुळात कच्चे. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यानेही ते खोडले असते. त्या तेलाला रासायनिक उद्योगात गिऱ्हाईक मिळाले, भाव चढला. १९६९ च्या अखेरीस शेवटचे टर्बाइन थांबले. त्यांच्या बोगी मात्र नव्या डिझेल इंजिनांखाली गेल्या.