इंजिन तापते तेव्हा पार्ट नव्हे, तपासणी विकत घ्या

ताका उलगडून, उजेडात धरून, पन्हा मोजून पाहिल्याशिवाय आम्ही कपड्याचा एक मीटरही घेत नाही. दहा रुपयांचा डाग दिसला तर दलालाशी अर्धा तास वाद घालतो. तेच आम्ही गाडी तापली की मिस्त्रीपुढे उभे राहून म्हणतो, "काय बदलायचे ते बदला, पण संध्याकाळपर्यंत द्या." या एका वाक्यात व्यापाऱ्यांचा किती पैसा जातो, हे आमच्याच खात्यावरून सांगावेसे वाटते.

आमच्याकडे जुनी ओम्नी आहे. ही गाडी बनणे २०१९ साली बंद झाले, तरी मालेगावपासून भिवंडीपर्यंत कपड्याच्या, बेकरीच्या, फर्निचरच्या धंद्यात ती अजून राबते आहे. गावात आमची गाडी ठीक चालायची. मुंबईहून माल भरून कसारा घाट चढू लागली की मात्र अर्ध्या घाटात काटा लालकडे सरकायचा. पहिल्या मिस्त्रीने थर्मोस्टॅट व्हॉल्व काढून फेकला. दुसऱ्याने वॉटर पंप बदलला. तिसऱ्याने पंख्याची मोटर नवी टाकली. प्रत्येकाने पैसे घेतले आणि प्रत्येक वेळी घाटात काटा पुन्हा वर गेला. चौथ्या खेपेला गाडीवर आमचा पुतण्या होता. काटा वर गेलेला दिसत असूनही "इगतपुरी आलीच" म्हणून तो चालवत राहिला. पुढे काटा आपोआप खाली आला, तेव्हा त्याला बरे वाटले. खरे तर पाणी संपले होते, आणि पाणीच नसेल तर सेन्सर काय मोजणार? घोटीच्या अलीकडे गाडी बंद पडली. हेड वाकले, गॅस्केट जळाले, लेथवर फेसिंग करावे लागले, आणि ऐन सीझनचा माल तीन दिवस रस्त्यात अडकला.

त्यानंतर एका वयस्क उस्तादांकडे गेलो. त्यांनी पाना हातात घेण्याआधी विचारले, "गाडी केव्हा तापते?" हा प्रश्न आधीच्या तिघांपैकी एकानेही विचारला नव्हता, आणि आम्हीही आपणहून सांगितले नव्हते.

वाचक बंधूंनो, अर्धा इलाज या प्रश्नातच आहे. ट्रॅफिकमध्ये उभी असताना तापते आणि मोकळ्या रस्त्यावर थंड होते, तर संशय पंख्यावर. फ्यूज, रिले, मोटर किंवा पंखा चालू करणारा थर्मो स्विच यांपैकी काहीतरी. स्विचची वायर काढून टोके जोडली आणि पंखा फिरला, तर मोटर चांगली आहे, स्विच खराब आहे. मोटर विकत घेऊ नका. चढावर, वजन घेऊन किंवा सुसाट चालवताना तापते आणि गावात ठीक राहते, तर पाणी पुरेसे फिरत नाही. रेडिएटर चोंदला असेल किंवा पंप कमजोर झाला असेल. सुरू केल्यावर थोड्याच वेळात तापते, तर पाणी कमी आहे किंवा व्हॉल्व बंद अवस्थेत अडकला आहे. आणि जमिनीवर थेंब पडत नाही तरी पाणी रोज कमी होते, एक्झॉस्टमधून पांढरा धूर येतो, रेडिएटरच्या तोंडाशी बुडबुडे दिसतात, तर हेड गॅस्केटकडे पाहावे. गॅसचे किट लावले असेल तर आणखी एक जागा तपासायची: एलपीजीच्या व्हेपोरायझरला गरम पाणी इंजिनमधूनच जाते, म्हणून तिथले पाइप आणि क्लिपाही गळू शकतात.

उस्तादांनी इंजिन गरम करून बंद केले, पंख्याची वायर काढून ठेवली आणि रेडिएटरच्या जाळीजवळून हात फिरवला. वरचा भाग गरम, पण खालच्या एका कोपऱ्यात बऱ्याच जागी थंड. थंड म्हणजे तिथल्या नळ्यांतून पाणी जातच नव्हते. बोअरचे खारे पाणी आम्ही वर्षानुवर्षे ओतत आलो. चहाच्या भांड्याला बसतो तोच क्षार आत बसला होता. रेडिएटरवाल्याने टाकी उघडून सळी मारली, नळ्या साफ केल्या. आमचा रेडिएटर तांब्या-पितळेचा होता म्हणून हे जमले. प्लॅस्टिकच्या टाकीचा अॅल्युमिनियम रेडिएटर बहुधा बदलावाच लागतो. झाकणही नवे घातले. त्या झाकणावर लोक हसतात, पण त्यातली स्प्रिंगच आत दाब धरून ठेवते. ०.९ चे झाकण नीट असेल तर साधे पाणी १०० नव्हे, सुमारे ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. रबर कडक झालेले झाकण म्हणजे ती सगळी सवलत गेली.

मग त्यांनी व्हॉल्व परत बसवला. आमच्याकडे व्हॉल्व काढणे हाच इलाज समजला जातो, आणि याविषयी आमचे मत आता पक्के आहे: तो इलाज नव्हे. व्हॉल्व नसला की इंजिन गरम व्हायला वेळ लागतो, पेट्रोल जास्त जाते, झीज वाढते, आणि मूळ दोष झाकला जातो. संशय असेल तर व्हॉल्व दोऱ्याने पातेल्यातल्या पाण्यात टांगा आणि पाणी तापवा. त्याच्यावर ८२ किंवा ८८ असा आकडा कोरलेला असतो. थर्मामीटर त्या सुमारास आल्यावर तो उघडू लागला तर बिनधास्त वापरा. नाही उघडला तर नवा घ्या. पातेले मात्र स्वयंपाकाचे नको, कारण कूलंट विषारी असते. ते चवीला गोड लागते, म्हणून मुलांपासून आणि जनावरांपासून लांब ठेवावे. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे घालणे बोअरच्या पाण्यापेक्षा महाग पडते, हे खरे; पण हेडच्या फेसिंगपेक्षा खचित स्वस्त.

रस्त्यात काटा वर गेला तर बाजूला घेऊन गाडी बंद करावी. गरम असताना झाकण उघडू नये. आत दाबलेली वाफ थेट तोंडावर येते. गरम इंजिनात गार पाणी ओतू नये, हेड तडकते. निदान अर्धा-पाऊण तास थांबावे. माल उशिरा पोहोचतो, एवढेच.

आता पैशाचे. उस्तादांनी अर्धा तास दिला आणि त्या तपासणीचे काहीच मागितले नाही. विचारले तर म्हणाले, "डब्यातला पार्ट दाखवला की गिऱ्हाईक खुशीने पैसे देते. नुसते पाहण्याचे मागितले तर म्हणते, केले काय?" आम्हाला शरम वाटली. आधीच्या तिघांना बेईमान म्हणणे सोपे आहे. पण ज्याला तपासणीचा मेहनताना मिळत नाही, तो पार्ट बदलूनच पोट भरणार. हकीम नाडी पाहण्याचे पैसे घेतो आणि आपण देतो. मिस्त्रीला मात्र मर्ज ओळखण्याचे काही द्यायचे नाही आणि मग इलाज चुकला म्हणून ओरडायचे, हा हिशेब कुठला?

मिस्त्री बंधू म्हणतील, तपासणीचे वेगळे पैसे लावले तर गिऱ्हाईक शेजारच्या दुकानात जाईल. ही भीती खोटी नाही. त्यावर आमची सूचना एवढीच: तपासणीची रक्कम आधी सांगा, बिलात तिची वेगळी ओळ लिहा, आणि काम तुमच्याकडेच झाले तर ती मजुरीत वळती करा. गिऱ्हाइकाला काढलेला जुना पार्ट हातात द्या. आणि आपण व्यापाऱ्यांनी गाडी उभी करताना एवढे तरी सांगावे की ती केव्हा तापते, किती चालल्यावर, किती माल भरलेला असताना.

आम्ही उस्तादांना दोनशे रुपये जबरदस्तीने दिले. त्यानंतर गाडीने कसारा पाच वेळा भरल्या मालाने चढला आहे. पुतण्या आता घाटाच्या पायथ्याशी एकदा काट्याकडे पाहतो, आणि डिकीत डिस्टिल्ड पाण्याचा कॅन ठेवतो.